टाळीचं वाक्य

पारनेर
२५ मे २०२५

आदरणीय दादा,
सविनय जयभीम.

तुम्ही फोनवर येत नाही म्हणून लिहिते आहे. प्रवीण म्हणतो, "ताई, फोन हातात दिला की दादा कानाचं यंत्र काढून ठेवतात." पत्राचं तसं करता येणार नाही तुम्हाला. सगळी नोकरी टपालखात्यात केलेला माणूस आलेलं पत्र न फोडता ठेवणार नाही, एवढ्या एका भरवशावर हा कागद घेतला आहे.

आई गावीच आहे. मी पारनेरला चल म्हटलं तर म्हणाली, "मी कशाला येऊ? मी काय रुसले न्हाई." तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिने प्रवीणकडे पाठवल्या आहेत. त्या मिळाल्या का, एवढं तरी कळवा.

वैशाखी पौर्णिमेला जे झालं ते मी डायरीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी खोडलं. लिहिलं होतं, 'दिशाने दादांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं.' वाचताना ते खरं वाटेना. ती तर तुमच्यासाठी भेट घेऊन आली होती. हे तुम्हाला ठाऊक आहे की नाही याची मला खात्री नाही, म्हणून लिहिते.

दरवर्षी तुम्ही विहारासमोरच्या पिंपळाखाली उभे राहून ते वाक्य म्हणता. 'इतर झाडं दिवसा प्राणवायू देतात, आपला बोधिवृक्ष रात्रंदिवस देतो. आपला धम्म विज्ञानाचा, त्याची ही साक्ष.' आणि टाळी पडते. दिशा माझ्या मांडीवर होती तेव्हापासून ती टाळी ऐकते आहे. आता ती बारावी सायन्सला जाणार. तिला वाटलं, या वर्षी आजोबांचं वाक्य नुसतं ऐकायचं नाही, सगळ्यांना दाखवायचं. शाळेच्या पुस्तकात होतं की झाडं रात्री श्वास घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. पण पुस्तकात पिंपळाचं नाव नव्हतं. ती धरून चालली की पिंपळ तेवढा अपवाद.

सकाळीच तिने आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत झाकणाच्या दोन बरण्या ठेवल्या. दोन्हींत वाटीभर चुन्याची निवळी. एका बरणीत पिंपळाची पानं, दुसरीत काही नाही. ट्रंक बंद करून वर गोधडी टाकली, म्हणजे आत रात्रच. निवळी दुधाळ झाली तर कार्बन डायऑक्साइड, नितळ राहिली तर आजोबा खरे. ती नितळ राहणार याची तिला इतकी खात्री होती की आधी एकदा करून बघावं असंही वाटलं नाही. तुम्हीच माइकवरून म्हणालात, "आता आमची सायन्सवाली नात दाखवील."

तिने सगळ्यांसमोर ट्रंक उघडली. पानांच्या बरणीतली निवळी ताकासारखी झाली होती.

तिने दोन्ही बरण्या उजेडात धरल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलून वेळ मारून नेईल. पण ती सतरा वर्षांची आहे, दादा. तिला ते अजून येत नाही. ती म्हणाली, "आजोबा, पिंपळसुद्धा अंधारात आपल्यासारखाच श्वास सोडतो. हे वाक्य बरोबर नाही."

तरीही मला वाटतं, तुम्ही तेवढ्याने उठला नसतात. मागे कानिफनाथ खिरीची वाटी घेऊन बसला होता. गावातून तो एकटाच दरवर्षी आपल्या खिरीला येतो, त्याचं तुम्हाला कौतुक. तो ओरडला, "म्हंजी आमचं म्हातारं खरंच सांगत हुतं की वो, पोस्टमनदादा! रातचं पिपळाखाली जाऊ नये. मुंजा न्हाई म्हना, ग्यास म्हना!" सगळे हसले. आपलीही माणसं हसली. तुम्ही चष्मा काढून घडी घालून खिशात ठेवलात, आणि सकाळच्या पहिल्या एसटीने नगरला प्रवीणकडे गेलात.

मी त्या वेळी काय केलं, तेही लिहिते. खिरीचं पातेलं उचलून आत नेलं. पातेलं उचलायची काही घाई नव्हती.

तुमची
प्रज्ञा


पारनेर
२२ जून २०२५

आदरणीय दादा,
सविनय जयभीम.

कार्ड मिळालं. 'पत्र पोचले. गोळ्या मिळाल्या. मुलीने अभ्यास करावा.' दिशाने ते हातात घेऊन विचारलं, "मुलीने म्हणजे मी?" मी हो म्हटलं. "नाव विसरले का?" म्हणाली आणि आत गेली. ती रागाने गेली नाही, हे मला तिच्या चालण्यावरून कळलं.

तुम्हाला न कळवलेलं बरं असं आधी वाटलं होतं, पण लपवून उपयोग नाही. दिशाने वंदना सोडली आहे. संध्याकाळी आम्ही त्रिशरण म्हणतो तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी राहते. मी विचारलं तर म्हणाली, "झाडाचं खरं नव्हतं, तर बाकीचं खरं कशावरून? आणि जे मी तपासू शकत नाही ते मी तोंडाने कसं म्हणू?"

मी सगळे सांगतात तेच सांगितलं, की श्रद्धा वेगळी आणि विज्ञान वेगळं.

"वेगळं आहे तर आजोबा विज्ञानाची साक्ष का काढत होते?"

आपल्या घरात देव्हारा नाही, नवस नाही, अंगारा नाही. 'कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, स्वतः पारखून घ्यायचं,' हे मी तुमच्याकडूनच शिकले. दिशा तेच शिकली आणि तिने केलं. तिला चूक कुठल्या तोंडाने म्हणू?

आणि माझंच बघा. मी बी.एस्सी. झाले. वनस्पतिशास्त्राच्या पेपरात 'श्वसन चोवीस तास चालते' असं लिहून मार्क घेतले, आणि त्याच वर्षीच्या वैशाखीला तुमच्या वाक्याला टाळी वाजवली. मी खोटं वागले असं नाही. दोन्ही गोष्टी एका वेळी आठवल्याच नाहीत. डोक्यात दोन कप्पे होते आणि मध्ये भिंत होती. दिशा बरण्या भरत होती तेव्हा मी तिच्या शेजारी बसून पानं पुसत होते. पानं पुसताना मला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

शीतकरण केंद्रावर मी रोज सकाळी प्रत्येक गावच्या कॅनमधल्या दुधाला लॅक्टोमीटर लावते. कानिफनाथ आपल्या गावचं दूध टेम्पोतून आणतो, त्यात त्याचंही असतं. त्याच्या दुधाला पाणी लागलं तर मी तोंडावर सांगते. तो म्हणतो, "ताई, म्हशीनंच जास्त पानी पेलं आसंल." मी तरी नापास करते. तुमच्या वाक्याला मात्र मी कधी लॅक्टोमीटर लावला नाही. भीती होती म्हणून नव्हे. तिथे तो लावायचा असतो असं मनातच आलं नाही. दिशाच्या डोक्यात ती भिंत नाही. मला तिचा हेवाही वाटतो आणि काळजीही.

तुमची
प्रज्ञा


पारनेर
१३ जुलै २०२५

आदरणीय दादा,
सविनय जयभीम.

आषाढी पौर्णिमा झाली. वर्षावास लागला, आणि विहारातलं ग्रंथवाचन लागलं नाही. मला आठवतं तेव्हापासून हे पहिल्यांदाच. पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी तुम्ही वाचायचं आणि वस्तीने ऐकायचं, हे इतकं ठरलेलं की दुसऱ्या कुणी वाचून बघितलंच नाही. शिवाय विहाराची किल्ली तुमच्या कोटाच्या खिशात नगरला गेली आहे. वस्तीतल्या भीमाबाई मला म्हणाल्या, "पोस्टमन गावाला गेला म्हनून टपाल बंद ऱ्हातं व्हय? लिही तुझ्या बापाला." म्हणून लिहिलं.

पण आज लिहिण्याचं कारण दुसरं आहे. काल मी आणि दिशा आईकडे गेलो होतो. दिवेलागणीला पिंपळाचा पार रिकामा होता. विहाराचा बाहेरचा दिवा लागलेला, आणि खाली एकही पोर अभ्यासाला नाही. सगळी आपापल्या घरात टीव्हीसमोर. दिशाने शेजारच्या छोट्या मुलीला विचारलं, "का गं, पारावर का नाही बसत?"

ती म्हणाली, "ताई, तूच सांगितलंस ना, तिथं ग्यास येतो. आई म्हनली, मुंजाच तो."

दादा, तेव्हा मी दिशाचं तोंड बघितलं. वैशाखीला तुमचं बघितलं होतं, तसंच होतं.

घरी येऊन ती आईला म्हणाली, "आजी, मी असं म्हटलंच नव्हतं!" आई भाकरी थापत होती. थापता थापता तिने जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच पुरं ऐकलं.

"तुझा आजा त्या पिपळाखाली बाज टाकून झोपला हुता. आमचं लगीन हून वरीसबी न्हवतं झालं. अमुशा हुती. मी रातभर दारात बसून. सकाळी आला, म्हनला, चहा टाक, आन मुंजाला बिनसाखरेचा टाक."

दिशा हसली. आई हसली नाही. "तरी पोरं येईनात. सगळी म्हनायची, रंगनाथ आडदांड हाय, त्याला मुंजा भ्याला. मग नगरच्या कुठल्या शिबिरातनं त्यो आक्शिजनचं घिऊन आला. मुंजा न्हाई म्हनलं तर कुनी ऐकंना. आक्शिजन हाय म्हनलं, तवा पोरं आली."

त्या पोरांत मीही होते. घरात कंदील आणि विहाराला वीज. माझी दहावी त्या पारावर झाली. प्रवीणचीही. आज बँकेत, शाळेत, एमआयडीसीत असलेली वस्तीतली किती माणसं त्या वाक्याच्या आधाराने अंधारात त्या झाडाखाली येऊन बसली, आणि ते वाक्य बरोबर नव्हतं.

परत येताना दिशाने स्कूटीवर मागून विचारलं, "आई, म्हणजे चुकीच्या वाक्याने चांगलं काम केलं, आणि माझ्या बरोबर वाक्याने पोरं उठवली?"

मी स्कूटी हळू केली.

मग ती स्वतःच म्हणाली, "मी अर्धंच तपासलं."

तुमची
प्रज्ञा


पारनेर
१७ ऑगस्ट २०२५

आदरणीय दादा,
सविनय जयभीम.

तुमचं उत्तर नाही, तरी लिहिते. सांगण्यासारखं खूप आहे.

दिशाने उरलेलं अर्धं तपासलं. तिचं म्हणणं, पानं बंद बरणीत कोंडली तर वायू साठणारच. पण पिंपळ काही ट्रंकेत राहत नाही. उघड्यावर त्याच्याखाली काही साठतं का, हा खरा प्रश्न. पावसाने उघडीप दिली तेव्हा तिने तीन सारख्या वाट्यांत निवळी घेतली. एक पिंपळाच्या पारावर, एक लांब माळावर, आणि एक आईच्या खोलीत, जिथे आम्ही तिघी दार-खिडकी लावून झोपलो. पहिल्यांदा माळावरची वाटी कुत्र्याने लवंडली. मी म्हटलं, बाकीच्या दोन बघ की. म्हणाली, "तसं चालत नाही," आणि तिन्ही पुन्हा मांडल्या. वैशाखीची घाई तिला अजून सलते आहे.

सकाळी पारावरच्या आणि माळावरच्या वाटीत पातळ पापुद्रा, दोन्हींत काही फरक दिसेना. खोलीतल्या वाटीवर मात्र जाड साय. सायीतलं मला कळतं. आईला समजावून सांगितलं, की हे आपल्या तिघींच्या श्वासाने. तिने वाटीत वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगं बया! म्हंजी मुंजा माझ्याच नाकात हाय व्हय!"

दिशाने हे केंद्रावर येऊन कानिफनाथला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजी आता घरातबी झोपायचं न्हाई?" ती म्हणाली, "झोपा काका, पण खिडकी उघडी ठेवा." "खिडकी उघडली तर मुंजा आत येतोय की!" आणि खो खो हसत कॅन उतरवायला लागला. त्याला पटलं की नाही, कळत नाही. त्याचं कधीच कळत नाही.

दुसरी गोष्ट. वाचन सुरू झालं आहे. दिशा वाचते.

तिने स्वतःहून विचारलं नाही, तिला भीमाबाईंनी धरलं. ती म्हणाली, "मी वाचीन, पण वंदना म्हणणार नाही. मला अजून सगळं पटलेलं नाही." मला वाटलं, आता बायका तिला बोलणार. भीमाबाई म्हणाल्या, "नको म्हनूस. तू वाच, आमी म्हनू. पोस्टमनला पत्र पटलंच पायजे असं कुटं हाय?"

विहाराला कुलूप, म्हणून आईच्या घरातला ग्रंथ काढून पारावर बसतात, बाहेरच्या दिव्याखाली. शनिवार-रविवारी दिशा, इतर दिवशी ज्याला जमेल तो. पाऊस आला तर भीमाबाईंच्या ओट्यावर. आयांबरोबर पोरं येतात, आणि ग्रंथ मिटला की तिथेच दप्तरं उघडतात. तुम्ही किल्ली ठेवून गेला असतात तर सगळी आत बसली असती. हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. पण झालं ते असं.

एक विचारायचं आहे, रागावू नका. काल प्रवीणचा फोन होता, आवाज बारीक करून बोलत होता. "ताई, दादांनी पुन्हा तंबाखू सुरू केली वाटतं. उशाखाली चुन्याच्या पुड्या सापडल्या." दादा, माझ्या लग्नाच्या वर्षी सोडली होती ना तुम्ही? आईला मी काही सांगितलेलं नाही.

तुमची
प्रज्ञा


पारनेर
७ सप्टेंबर २०२५

आदरणीय दादा,
सविनय जयभीम.

तुमचं कार्ड केंद्रावर आलं. मी ते उभ्याउभ्या वाचलं आणि एकटीच मोठ्याने हसले, कॅन धुणारी माणसं बघायला लागली. 'तंबाखू नाही. निवळी. एक वाटी प्रवीणच्या खोलीत, एक गॅलरीत. खोलीतली जाड. दिशास विचारावे, वाट्यांची तोंडे सारखी रुंद हवीत का?'

दिशाने कार्ड दोनदा वाचलं. पहिल्यांदा म्हणाली, "दिशास लिहिलंय." मग म्हणाली, "हो, हवीत. आजोबांना सांग, रुंद तोंडाच्या वाटीत हवा जास्त लागते. त्यांनी लहान-मोठी घेतली असेल तर सगळं पुन्हा करावं लागेल." तुम्हाला पुन्हा करायला सांगताना तिला जो आनंद झाला तो मी इतक्या महिन्यांत बघितला नव्हता.

आणि मग तुमचं लांब पत्र आलं. ते मी कुणाला न दाखवता दोन दिवस पर्समध्ये ठेवलं. तुम्ही लिहिलंत, 'लोक हसले याचे दुःख नाही. वडिलांनी घरातले देव विहिरीत सोडले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्यानंतर मी कशापुढेही वाकलो नाही, एका झाडाखेरीज. प्राणवायू होता म्हणून त्याची लाज वाटली नाही. आता तो नसेल, तर शेंदूर फासलेल्या दगडापुढे वाकणाऱ्यांना मी काय म्हणून नावे ठेवली? त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय?'

दादा, तो माझाही प्रश्न आहे. मी त्या झाडासमोर हात जोडते, तेव्हा कशाला जोडते? शेवटी ते पत्र मी दिशाला वाचायला दिलं. तुम्हाला न विचारता दिलं, त्याबद्दल माफी असावी.

तिने ते वाचून घडी घालून परत दिलं. मग विचारलं, "आई, आजोबांच्या भाषणात त्या वाक्यानंतर काय असतं?"

"टाळी."

"टाळीनंतर?"

मला आठवेना. तिलाच आठवत होतं. "ते म्हणतात, ज्ञान झाल्यावर तथागत त्या झाडासमोर जाऊन उभे राहिले आणि पापणी न हलवता त्याच्याकडे बघत राहिले. ज्याच्या सावलीत बसलो त्याचे उपकार मानले. दरवर्षी म्हणतात. टाळीत कुणाला ऐकूच जात नाही. मी पुढे बसायचे म्हणून मला माहीत." मग म्हणाली, "त्यांना कुठे ऑक्सिजन माहीत होता?"

एवढंच. हे उत्तर आहे की नाही, मला सांगता येत नाही, म्हणून ती म्हणाली तसंच्या तसं पाठवते. पारखून तुम्हीच घ्या.

ग्रंथ संपत आला आहे. 'शेवटची पानं मी वाचणार नाही, ती आजोबांची,' असं दिशाने सगळ्यांना सांगून टाकलं आहे. वर्षावास संपतो ती आश्विन पौर्णिमा सहा ऑक्टोबरला, सोमवारी येते. विहारही झाडायचा आहे, आणि किल्ली तुमच्याकडे आहे.

तुमची
प्रज्ञा


पारनेर
९ ऑक्टोबर २०२५

आदरणीय दादा,
सविनय जयभीम.

आता तुम्ही आईजवळ आहात आणि मी रविवारी येणारच आहे. पत्राची तशी गरज नाही. पण सोमवारी तुम्ही लोकांकडे तोंड करून उभे होतात आणि मी मागे होते. मागून जे दिसलं ते तुम्हाला कळवावंसं वाटलं.

तुम्ही शेवटची पानं वाचलीत, ग्रंथ मिटलात आणि उभे राहिलात, तेव्हा सगळे त्या वाक्याची वाट बघत होते. काहींचे हात टाळीसाठी वरसुद्धा आले होते. तुम्ही म्हणालात, "एक वाक्य मी फार वर्षं सांगितलं. ते बरोबर नव्हतं. माझ्या नातीने ते तपासलं. मग मीही तपासलं." वर आलेले हात तसेच खाली गेले. टाळी नाही, हसणं नाही. भीमाबाईंनी पदराने नाक पुसलं. दिशा मान खाली घालून बसली होती. तिची आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"मुंजा मात्र तेव्हाही नव्हता आणि आताही नाही," तुम्ही म्हणालात, तेव्हा कानिफनाथ मागून बोललाच. "पोस्टमनदादा, मी काल भर दुपारी बारा वाजता टेम्पो लावून त्याच पिपळाखाली झोपलो हुतो."

"मग? भेटला का मुंजा?"

"भेटला की. म्हनला, कानिफ्या, दुधात पानी जरा कमी घाल."

सगळे हसले आणि तुम्हीही हसलात. मला त्या हसण्याची धास्ती वाटत होती, ती तिथे संपली. कानिफनाथ मुंजाला मानायचं सोडेल असं मला वाटत नाही. पण तो झोपला होता. टेम्पोच्या टपावर पडलेली पिंपळाची पानं मी मंगळवारी सकाळी केंद्रावर बघितली.

वंदना झाली तेव्हा दिशा म्हणाली नाही. ती तुमच्या बाजूलाच उभी होती, हात जोडलेले, ओठ मिटलेले. तुम्ही ते बघितलंत हे मी बघितलं. वंदनेनंतर एवढंच म्हणालात, "पुढच्या वैशाखीला झाडाचं तू सांगायचं. उपकाराचं मी सांगतो."

"आधी कोण?"

"आधी तू. माझं ऐकून लोक खिरीला उठतात."

माझ्या डोक्यातल्या दोन कप्प्यांबद्दल मी तुम्हाला लिहिलं होतं. मधली भिंत पडली असं म्हणणार नाही. इतक्या वर्षांची भिंत आहे. पण सोमवारी हात जोडताना मला पेपरातलं उत्तर आठवलं, श्वसन चोवीस तास चालतं, आणि जोडलेले हात सुटले नाहीत. दोन्ही गोष्टी एका वेळी आठवल्या. माझ्यासाठी हे नवीन आहे.

आणि लोक खिरीकडे वळले तेव्हाचं. तुम्ही दोघंच झाडापाशी राहिलात. दिशा मान वर करून एकटक बघत होती. मला वाटलं फांदीवर काही दिसलं. मग कळलं, ती पापणी न हलवता बघून बघत होती. तपासत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने डोळे मिटले.

"जमत नाही हो, आजोबा."

"मलाही कधी जमलं नाही," तुम्ही म्हणालात. "म्हणून तर दरवर्षी उभा राहतो."

मग तुम्ही दोघं पुन्हा वर बघायला लागलात. मी खिरीचं पातेलं आत न्यायला उचललं होतं. ते तिथेच पारावर ठेवलं, आणि तुमच्या शेजारी येऊन उभी राहिले.

तुमची
प्रज्ञा